‘तुझी सही कुठाय?’ : भावाने वडिलांना दिलेलं वचन बहिणीला वसूल करता येतं का?

पत्र (थोडक्यात): सातारा जिल्ह्यातल्या एक वाचक भगिनी लिहितात : वडिलांनी स्वकष्टाने बांधलेलं घर आणि त्याखालचे दोन गाळे २०१२ मध्ये नोंदणीकृत बक्षीसपत्राने धाकट्या भावाला दिले. त्यात अट आहे : ‘लिहून घेणार यांनी सदर गाळ्यांच्या भाड्यातून त्यांचे विधवा बहिणीस ती हयात असेतोवर दरमहा रु. ४,०००/- न चुकता देत जावे. सदर अट लिहून घेणार यांस मान्य व कबूल आहे.’ सह्या वडिलांच्या, भावाच्या आणि दोन साक्षीदारांच्या. माझी सही नाही. वडील २०१७ मध्ये गेले. आई आधीच गेली होती. भाऊ बँकेत पैसे जमा करायचा, ते २६ महिन्यांपासून बंद आहे. आता जागा विकासकाला द्यायचं घाटतंय. भाऊ म्हणतो, ‘करार माझा आणि आप्पांचा, तुझी सही कुठाय?’ त्याचा वकील मित्रही म्हणतो की करारात नसलेल्याला दावा लावता येत नाही, हा इंग्लंडमधून आलेला जुना नियम आहे. मी मात्र वाचलं की आपल्याकडे मोबदला, म्हणजे वचनाच्या बदल्यात द्यायचं ते, कुणीही दिलं तरी चालतं. खरं काय? बक्षीसपत्र रद्द करून मागू का?

उत्तर :

ताई, दावा लावण्याजोगं प्रकरण तुमच्याकडे आहे. पण ज्या मुद्द्यावर तुम्ही विसंबला आहात, तो एकटा तुम्हाला तारणार नाही. आणि बक्षीसपत्र रद्द करून मागण्याचा विचार आजच सोडा. त्याचं कारण पुढे येईल.

आधी त्या जुन्या नियमाबद्दल. तो तितकासा जुना नाही. १६७० च्या दशकातला डटन विरुद्ध पूल हा इंग्लंडमधला खटला जवळजवळ तुमच्याच घरातला वाटावा असा आहे. मुलीच्या लग्नासाठी पैसा उभा करायला बाप रानातली झाडं तोडून विकणार होता. ते रान पुढे मुलाला मिळायचं. मुलगा म्हणाला, झाडं तोडू नका, बहिणीला १,००० पौंड मी देईन. बापाने झाडं राखली, मुलाने पैसे दिले नाहीत. बहिणीने नवऱ्यासह दावा लावला आणि जिंकला. वचन बापाला दिलेलं होतं, तरी ते मुलीच्या भल्यासाठी होतं आणि रक्ताचं नातं इतकं जवळचं होतं की कोर्टाने तिला परकी मानलं नाही.

मग १८६१ मध्ये ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सन आला आणि वारं फिरलं. लग्न झालेल्या जोडप्याच्या दोन्ही वडिलांनी आपसात लेखी करार केला : मुलीचा बाप जावयाला २०० पौंड देईल, मुलाचा बाप १००. जावयाला दावा लावायचा हक्क राहील, असंही कागदावर स्पष्ट लिहिलं. सासरा पैसे न देताच वारला. जावयाने त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकावर दावा लावला आणि हरला. कोर्ट म्हणालं, मोबदला तू दिलेला नाहीस, तू या व्यवहाराला परका आहेस. १९१५ मध्ये टायर बनवणाऱ्या डनलॉप कंपनीच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, यावर शिक्का मारला. करारावर दावा फक्त करारातल्या पक्षाने लावायचा, आणि मोबदलाही त्यानेच दिलेला हवा.

इथे दोन वेगळ्या अटी एकत्र आल्या, हे लक्षात ठेवा. एक, मोबदला कोणी दिला? दोन, वचन कोणाला दिलं? इंग्लंडमध्ये दोन्हींचं उत्तर सहसा एकाच व्यक्तीकडे बोट दाखवायचं, त्यामुळे फरक कुणाला फारसा खुपला नाही. आपल्याकडे मात्र सारा घोळ याच फटीतून झाला.

भारतीय करार अधिनियम १८७२ चा. ट्वेडलचा निकाल तेव्हा ११ वर्षांचा होता. तरीही कलम २(ड) मध्ये मोबदल्याची व्याख्या करताना ‘वचनग्रहीता किंवा अन्य कोणतीही व्यक्ती’ असे शब्द घातले गेले (वचनग्रहीता म्हणजे ज्याला वचन दिलं तो). तुम्ही वाचलंत ते हेच. त्यावरचा मुख्य निकाल मद्रास उच्च न्यायालयाचा, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीचा : चिन्नय्या विरुद्ध रामय्या. एका वृद्ध बाईने जमीन मुलीला बक्षीस दिली. अट अशी की मुलीने आईच्या भावंडांना दरसाल ६५३ रुपये द्यावेत. मुलीने दिले नाहीत आणि म्हणाली, मोबदला आईचा होता, या लोकांनी मला काय दिलं? ती हरली. न्या. इन्स यांनी डटन विरुद्ध पूलचा आधार घेतला, न्या. किंडर्सली यांनी सरळ कलम २(ड) लावलं.

तुमच्या प्रकरणाशी हे इतकं जुळतं की तुमचा वकील पहिलं नाव हेच घेईल. समोरचा वकील जागा असेल तर लगेच उत्तर देईल : त्या खटल्यात मुलीने बक्षीसपत्राच्याच दिवशी भावंडांच्या नावे *वेगळा करारनामा* लिहून दिला होता. म्हणजे वचन थेट त्यांनाच दिलेलं होतं. ते करारातले पक्षच होते, फक्त मोबदला दुसरीकडून आला होता. चिन्नय्याने पहिला प्रश्न सोडवला. दुसरा तिथे उभाच राहिला नव्हता. तुमच्याकडे असा वेगळा कागद आहे का? पत्रात उल्लेख नाही. वडिलांच्या कपाटात, बँकेच्या लॉकरमध्ये, दस्तलेखकाच्या दप्तरात शोधा. भावाने तुम्हाला उद्देशून सही केलेली साधी चिठ्ठी सापडली, तरी प्रकरणाचा रंग बदलेल.

समजा तसा कागद नाही. मग दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला पुढच्या दोन निकालांकडे जावं लागतं, आणि ते परस्परविरोधी दिसतात.

१९१० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम हा खटला निकाली काढला. १८७७ मध्ये अल्पवयीन मुलामुलीचं लग्न ठरवताना मुलाच्या वडिलांनी मुलीच्या वडिलांशी करार केला होता की सुनेला पानदान खर्च (हातखर्च) म्हणून दरमहा ५०० रुपये मिळतील, आणि त्यासाठी ठरावीक मालमत्तेवर बोजा ठेवला होता, म्हणजे ती मालमत्ता त्या रकमेला बांधील केली होती. पुढे सून घर सोडून गेली आणि थकबाकीसाठी तिने सासऱ्यावर दावा लावला. सासऱ्याने ट्वेडल पुढे केला. न्या. अमीर अली यांनी लिहिलेल्या निकालाने तो बाजूला ठेवला. त्या करारात लाभ मिळणारी व्यक्ती तीच आहे आणि पैसे कोणत्या मालमत्तेतून यायचे तेही ठरलेलं आहे, म्हणून न्यायबुद्धीने तिला हक्क आहे. शिवाय जिथे लग्नं आईबाप ठरवतात, तिथे इंग्लंडचा नियम आंधळेपणाने लावला तर अन्याय होईल, असंही कौन्सिलने बजावलं.

पुढच्याच वर्षी त्याच कौन्सिलने जमना दास विरुद्ध राम अवतार पांडे मध्ये उलट दिशेचा वाटणारा निकाल दिला. गहाण मिळकत विकताना खरेदीदाराने गहाणाच्या फेडीसाठी ४०,००० रुपये स्वतःकडे राखून ठेवले. गहाणदार, म्हणजे ज्याच्याकडे मिळकत गहाण होती तो, त्यावर हक्क सांगू लागला. त्याला नकार मिळाला. खरेदीदाराने ते वचन विकणाऱ्याला दिलं होतं, गहाणदाराच्या भल्यासाठी नव्हे. गहाणदार हा केवळ ज्याचे पैसे भागायचे असा एक धनको होता.

त्यानंतर जवळजवळ ६० वर्षं उच्च न्यायालयं या दोन टोकांमध्ये हेलकावत राहिली. कलकत्त्याला मुख्य न्यायाधीश जेन्किन्स यांनी १९१३ च्या सुमारास देबनारायण दत्त प्रकरणात मोकळी भूमिका घेतली. मुंबईने १९३६ च्या पोपटलाल मुळजी प्रकरणात दार आवळून धरलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर मध्ये वाद संपवला. सर्वसाधारण नियम हाच की करारात नसलेल्याने करारावर दावा लावू नये. पण अपवाद ठरलेले आहेत : त्याच्या नावे विश्वस्त-संबंध निर्माण झाला असेल (म्हणजे मिळकत घेणाऱ्याने ती त्याच्या भल्यासाठी सांभाळायची असेल), मिळकतीवर त्याच्यासाठी बोजा असेल, किंवा लग्न, वाटणी अथवा अन्य कौटुंबिक व्यवस्थेत त्याची तरतूद केलेली असेल.

चाकोचे तपशील तुमच्या भावाचा वकील नक्की काढेल, कारण तिथेही कुटुंबातलं बक्षीसपत्रच होतं. त्यात लिहिलं होतं की बँकेची काही देणी निघालीच, तर ती एका मुलाच्या वाट्यातून भागवावीत. बँक त्या कलमावर विसंबली आणि हरली. ते कलम बँकेला काही देण्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. बक्षीस घेणाऱ्यांनी आपसात ओझं कसं वाटायचं, एवढंच त्यात ठरवलं होतं. मिळकतीवर बोजाही निर्माण झाला नव्हता.

तेव्हा तुमच्या कागदाला विचारायचा प्रश्न सरळ आहे : वडिलांचा हेतू तुम्हाला काही *द्यायचा* होता, की नुसती भावंडांमधली अंतर्गत सोय लावायची होती? ‘विधवा बहिणीस’, ‘हयात असेतोवर’, ‘न चुकता’, ‘मान्य व कबूल’ हे शब्द पहिलं सांगतात. रक्कम ठरलेली आहे, मुदत ठरलेली आहे, व्यक्ती ठरलेली आहे, पैसा कुठून यायचा तेही ठरलेलं आहे. यात हुसैनी बेगमशी साम्य बरंच, चाकोशी थोडं.

कच्चा दुवा एकच. ‘गाळ्यांच्या भाड्यातून’ म्हणजे गाळ्यांवर बोजा झालाच, असं आपोआप होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०० नुसार मिळकत ही रकमेची *तारण* आहे असा हेतू शब्दांतून दिसावा लागतो. पैसा कुठून द्यायचा हे सांगणं वेगळं आणि ती जागाच तारण ठेवणं वेगळं. म्हणून बोजा ही पर्यायी मागणी ठेवा. मुख्य मांडणी कौटुंबिक तरतूद आणि विश्वस्त-संबंध अशी असू द्या : भावाने मिळकत घेतली ती या जबाबदारीसकट घेतली.

दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत आणि पत्रात तुम्ही त्या ओझरत्या लिहिल्या आहेत.

पहिली : भावाने वर्षानुवर्षं तुमच्या खात्यात पैसे भरले. १९५२ मध्ये म्हैसूर उच्च न्यायालयाने देवराज अर्स प्रकरणात ठरवलं की त्रयस्थाला ‘तुझे पैसे मी देणार’ असं सांगून काही हप्ते दिल्यावर, नंतर तू पक्ष नाहीस असं म्हणता येत नाही. पासबुकातली प्रत्येक नोंद म्हणजे त्या वचनाची कबुलीच.

दुसरी जास्त महत्त्वाची. वचन ज्यांना दिलं ते वडील गेले, आणि तुम्ही त्यांच्या पहिल्या वर्गातल्या वारस आहात. वचनग्रहीत्याचा हक्क त्याच्या मृत्यूबरोबर संपत नाही. इंग्लंडमध्येच १९६७ च्या बेस्विक खटल्यात कोळशाचा धंदा पुतण्याला देताना काकाने ‘माझ्यामागे बायकोला आठवड्याला ५ पौंड दे’ असं ठरवलं होतं. पुतण्याने एकदाच पैसे दिले. विधवेला स्वतःच्या नावाने दावा चालवता आला नाही, पण नवऱ्याच्या मालमत्तेची प्रशासक म्हणून तिने तोच करार पाळायला लावला आणि पुतण्याला दर आठवड्याला पैसे द्यावे लागले. तुम्हीही दावा दोन्ही नात्यांनी लावा : तरतुदीची लाभार्थी म्हणून, आणि वडिलांची कायदेशीर वारस म्हणून. थोरला भाऊ किंवा दुसरी बहीण असेल, तर त्यांनाही पक्षकार करा. नाहीतर ‘आवश्यक पक्षकार नाहीत’ हा आक्षेप पहिल्याच तारखेला येईल.

त्या वकील मित्राला हेही ऐकवा की ज्या इंग्लंडचा तो दाखला देतो, तिथेच हा नियम आता पूर्वीसारखा कडक उरलेला नाही. १९३७ मध्येच तिथल्या कायदा सुधारणा समितीने तो बदलायला सांगितलं होतं, पण कायदा झाला १९९९ मध्ये. करारात त्रयस्थाला लाभ द्यायचा उद्देश असेल आणि तो नावाने, गटाने किंवा वर्णनाने ओळखता येत असेल, तर तो थेट दावा लावू शकतो. न्यू यॉर्कच्या कोर्टाने तर ट्वेडलच्या दोन वर्षं आधीच, १८५९ मध्ये, लॉरेन्स विरुद्ध फॉक्स या ३०० डॉलरच्या प्रकरणात त्रयस्थाला हक्क दिला होता. आपल्या विधी आयोगानेही १९५८ च्या तेराव्या अहवालात करार अधिनियमात कलम ३७-अ घालायची शिफारस केली. ती फाइलमध्येच राहिली. त्यामुळे आपल्याकडचे अपवाद आजही निकालांच्या आधारावर उभे आहेत, आणि प्रत्येक वेळी ते कोर्टात नव्याने सिद्ध करावे लागतात.

आता कामाचं.

मुदत. दरमहाचा हप्ता ज्या दिवशी द्यायचा होता, त्या दिवसापासून त्या हप्त्यासाठी ३ वर्षं. तुमचे २६ महिने थकले, म्हणजे १,०४,००० रुपये. आणखी १० महिन्यांनी पहिला थकलेला हप्ता मुदतीबाहेर जाईल आणि पुढे दरमहा ४,००० रुपये गळत जातील. बोजा सिद्ध झाला तर १२ वर्षं मिळतात, पण त्या भरवशावर थांबू नका. आणि वकिलाची नोटीस पाठवली की मुदत थांबते, हा गैरसमज आहे. मुदत थांबते ती दावा दाखल झाल्यावर. भावाने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर मात्र त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. ती कबुली जुनी मुदत संपण्याआधीची हवी.

कागद. दुय्यम निबंधकाकडून बक्षीसपत्राची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक दोनचा उतारा घ्या. मिळकत पत्रिका काढा आणि ‘इतर हक्क’ किंवा बोजाच्या रकान्यात काही आहे का ते बघा. बँकेकडून २०१२ पासूनचं शिक्क्याचं खाते विवरण घ्या. भावाचे ‘पुढच्या महिन्यात देतो’ छापाचे मोबाइल संदेश असतील तर फोन बदलू नका आणि संदेश पुसू नका. ते पुरावा म्हणून द्यायचे असतील, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं.

नोटीस दोघांना. भावाला थकबाकीची, आणि विकासकाला तुमच्या हक्काची. ज्याला मिळकतीच्या उत्पन्नातून निर्वाह मिळायचा हक्क आहे, त्याचा हक्क मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे *माहिती असलेल्या* खरेदीदारावरही चालतो, माहिती नसलेल्यावर नाही. बक्षीसपत्र नोंदणीकृत असल्याने खरेदीदाराला माहिती होती असं कायदा धरून चालतो. तरी पोच मिळेल अशा टपालाने पाठवलेली नोटीस त्याच्या वकिलाच्या टेबलावर पोचली, की व्यवहार तिथेच अडखळतो.

दावा. मिळकत जिथे आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात. मागण्या अशा : हक्काची घोषणा, थकबाकी व्याजासह, पुढचे हप्ते, बोजा, आणि निकाल लागेपर्यंत मिळकत विकू नये म्हणून तात्पुरता मनाई हुकूम. दावा दाखल झाला की त्याची सूचना, म्हणजे लिस पेंडन्सची नोटीस, दुय्यम निबंधकाकडे *नोंदवा*. अन्य राज्यांत दावा चालू असताना झालेली विक्री निकालाच्या अधीन आपोआप राहते. आपल्याकडे १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे त्यासाठी नोंदणीची पायरी आहे. महाराष्ट्रातले कितीतरी वादी इथेच फसतात.

खर्चाची भीती असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या अधिनियमाप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात मालमत्ता आणि पोटगीच्या वादात स्त्रियांना कोर्ट फीची माफी आहे. दाव्याची मांडणी नुसत्या पैशांच्या वसुलीची केली, तर त्या माफीवर प्रश्न उठू शकतो, म्हणून वकिलाशी हे आधीच बोला.

चुकीच्या वाटा दोन. पहिली, बक्षीसपत्र रद्द करून मागणं. ज्या कागदाने तुम्हाला ४,००० रुपये मिळतात तोच खोटा म्हटलात, तर तुमचा आधारच जातो. कागद मान्य करून लाभ मागा, किंवा कागद नाकारून वारसाहक्क मागा, दोन्ही एका श्वासात नाही. आणि स्वकष्टाची मिळकत वडिलांनी नोंदणीने दिलेली असताना दुसरी वाट फार खडतर आहे. दुसरी चूक म्हणजे ज्येष्ठ नागरिक अधिनियम २००७ च्या कलम २३ खाली अर्ज. ते कलम ज्या ज्येष्ठाने *स्वतःची* मिळकत स्वतःच्या सांभाळाच्या अटीवर दिली, त्याच्यासाठी आहे. मिळकत देणारे वडील होते, तुम्ही नाही.

भाऊ बोलायला तयार झाला, तर तोंडी ‘देतो’ वर थांबू नका. दावा लागलेला असेल तर लेखी तडजोड कोर्टात दाखल करून तिचा हुकूमनामा घ्या. दावा लागला नसेल तर नोंदणीकृत दस्त करा. त्यात तुम्ही स्वतः पक्षकार असाल, सही तुमचीही असेल, आणि हे वाक्य असेल : ‘सदर रकमेच्या फेडीसाठी सदर मिळकत तारण असून तीवर बहिणीचा बोजा राहील, मिळकत हस्तांतरित झाल्यास हा बोजा घेणाऱ्यावर बंधनकारक राहील, सदर रक्कम बहिणीस स्वतःच्या नावे वसूल करण्याचा हक्क राहील.’ विकासक मोकळी जागा मागत असेल, तर वर्षाच्या ४८,००० च्या हिशेबाने एकरकमी रक्कम ठरवता येईल. ती विकसन करारनाम्याच्या आधी धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) हातात घ्या, बोजामुक्तीच्या कागदावर सही नंतर करा.